सवतीची पेन्शन

हुबळीजवळ, उणकलच्या तळ्याकाठी 'नेरळु' नावाचं एक शुश्रूषागृह होतं. नेरळु म्हणजे कानडीत सावली. बारा खाटा, पुढं लांब पडवी, आणि मागच्या खोल्यांच्या खिडक्यांतून दिसणारं तळं. दवाखान्यानं घरी सोडलेली, पण घरच्यांना सांभाळणं न झेपणारी माणसं तिथं महिनोन्महिने, काही तर वर्षानुवर्षे राहत. मालती डॉक्टरबाईंनी सासऱ्यांच्या जुन्या बंगल्यात ते सुरू केलं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथले अर्ज आणि वह्या सांभाळायला जाऊ लागले. दाजीबानपेठेत भावाच्या कापडदुकानात बसून गिऱ्हाईकं मोजण्यापेक्षा तळ्याकाठी बसलेलं बरं, एवढाच विचार होता त्यात.

सकाळी तळ्यावर धुकं उतरायचं आणि नऊ वाजेपर्यंत पलीकडचा काठ दिसायचा नाही. आत सगळं इतकं सावकाश चालायचं की कधी कधी मला वाटे, इथली माणसं झोपेत आणि जागेपणात फरक करायचं केव्हाच सोडून बसली आहेत.

असल्याच एका सकाळी, दोन हजार चार सालच्या कार्तिकात, भागीरथीअक्का आल्या. वय सहासष्ट, काटक अंग, गडद हिरवं इरकली लुगडं, हातात कापडी पिशवी. त्या माझ्या टेबलाकडं आल्याच नाहीत. सरळ आत गेल्या. एका रिकाम्या खाटेची गादी दाबून बघितली, मोरीत वाकून वास घेतला, आणि एका झोपलेल्या आजोबांच्या पायावरची चादर हळूच वर करून टाचा बघितल्या. मी मागोमाग धावले तर म्हणाल्या, "टाचा चांगल्या ठेवल्यात. मी इथंच आणतो तिला."

आमच्या भागात खेड्यातल्या बायका 'मी आलो, मी करतो' असंच बोलतात. दुकानदारांच्या घरातली मी, मला त्याचं लहानपणी हसू यायचं. पुढं त्या बोलण्याचीच गोडी लागली.

मी अर्ज काढला.

"पेशंटचं नाव?"

"सोनाबाई लक्ष्मण. गाव अळणावर."

"वय?"

"माझ्यापेक्षा आठ वर्षांनी ल्हान. म्हंजे अठ्ठावन."

"तुमचं नातं?"

"सवत."

माझं पेन थांबलं. वाटलं, ऐकण्यात चूक झाली. भागीरथीअक्का शांतपणे माझ्याकडं बघत होत्या.

"खरं हाय ते लिवा की, बाई."

मी लिहिलं. मग विचारलं, "महिन्याची फी साडेतीन हजार आहे. औषधं वेगळी. पैसे कोण भरणार?"

"नवऱ्याची पेन्शन हाय. रेल्वेची."

"म्हणजे सोनाबाईंना पेन्शन मिळते."

"तिला न्हाई मिळत. मला मिळती. पर ती तिची हाय."

एवढं बोलून त्यांनी पिशवीतून बँकेचं पासबुक काढून टेबलावर ठेवलं. त्या दिवशी मला त्यातलं काहीच कळलं नाही. पुढच्या सहा वर्षांत, पडवीत चादरींच्या घड्या घालता घालता, त्यांनी ते थोडं थोडं सांगितलं. कधी मागचं आधी, कधी मधलंच. मी ते इथं सरळ लावून सांगते.

भागीरथीचं लग्न छप्पन्न साली झालं. "तुळशीचं लगीन लागलं आणि मागोमाग माझं. त्याच महिन्यात मुंबई राज्य जाऊन म्हैसूर आलं म्हणत होते. मला काय कळतंय त्यातलं. माझं घर बदललं, तेवढं कळलं." नवरा लक्ष्मण रेल्वेत गँगमन. अळणावरच्या पुढं, जंगलात, रुळाला लागून चार खोल्यांची एक ओळ होती. त्यातली एक खोली यांची. पहाटे लक्ष्मण हातोडा खांद्यावर टाकून रूळ तपासत निघायचा तो धुक्यात दिसेनासा व्हायचा. नुसता ठोकल्याचा आवाज येत राहायचा, ठण्ण, ठण्ण, लांब लांब जात. भागीरथी चुलीपुढं बसून तो ऐकायची. आवाज थांबला की समजायचं, आता तो वळणापलीकडं गेला.

आठ वर्षं झाली, मूल झालं नाही. चौसष्ट साली लक्ष्मणानं सोनाबाईला आणलं. दांडेलीकडची, आईबाप नसलेली, मामानं वाढवलेली अठरा वर्षांची पोर. आल्या दिवशी ती पाण्याच्या घागरींमागं जाऊन बसली ती उठेना.

"मला राग यायला पायजे, म्हणून मी वाट बघत बसलो," भागीरथीअक्का म्हणाल्या. "आला राग. पर तिच्यावर न्हाई आला. ती आगगाडीला भ्यायची हो. गाडी आली की सगळी खोली हलायची, भांडी वाजायची, आणि ही डोळं मिटून थरथरायची. मी तिचा हात धरून बसायचो, गाडी जाईस्तवर."

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं दोघी एकत्र राहिल्या. त्या दिवसांबद्दल बोलताना भागीरथीअक्कांचा आवाज बदलायचा, झोपेतून उठलेल्या माणसासारखा खोल व्हायचा. दोघी मिळून जळण आणायच्या, शिकेकाई वेचायच्या, ओढ्यात पाय सोडून बसायच्या. सागाची पानं इतकी मोठी की एका पानाखाली दोघींची डोकी झाकत. सोनाबाईला रानातल्या पाखरांचे आवाज काढता यायचे. लक्ष्मण घरी आला की दोघी हसत असायच्या, आणि तो दारातच उभा राहायचा, परक्याच्या घरी आल्यासारखा.

"काय सांगू बाई, ते खरं घडलं का मला पडलेलं सपान हुतं, हेच आता कळत न्हाई."

सहासष्ट साली, संक्रांतीच्या थंडीत, सोनाबाईला मुलगी झाली. नाळ भागीरथीनं कापली. पोर पहिली तिच्याच हातात रडली. बाराव्या दिवशी बारसं. नाव भागीरथीनंच सुचवलं, लीला. पाळण्यात घालण्याआधी पोर तिच्या मांडीवर होती. जमलेल्या बायकांतली एक म्हणाली, "वांझेच्या मांडीवर किती वेळ ठेवायचं लेकरू? घ्या की आता." कुणीतरी पोर उचलली.

"म्हणणारीचं मला काय वाटलं न्हाई. लोक म्हणतातच. पर सोना समोर बसली हुती. तिनं ऐकलं. आणि मान खाली घातली. एक शबुद बोलली न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं भागीरथी हुबळीला आली. लक्ष्मण गँगबरोबर लांब गेला होता. सोनाबाई पोरीला पाजत होती. भागीरथीनं "येतो" म्हटलं, आणि ती बाजारालाच चालली असेल असं समजून सोनाबाईनं "येताना सुंठ आण" म्हटलं.

हुबळीत तिला एका प्रसूतिगृहात आयाचं काम मिळालं. तीस वर्षं तिनं ते केलं. नुकत्या जन्मलेल्या मुलांना पहिली आंघोळ घालायची, हे तिचं काम. किती मुलं असतील, असं मी एकदा विचारलं.

"मोजायची नसतात," त्या म्हणाल्या.

लक्ष्मण दोन-तीनदा न्यायला आला. ती गेली नाही. मग तो यायचा बंद झाला.

अठ्ठ्याऐंशी साली लक्ष्मण नोकरीत असतानाच तापानं गेला. रेल्वेच्या कागदावर बायको म्हणून एकच नाव होतं, भागीरथीचं. दुसरं लग्न सरकारनं मानलेलं नव्हतं. लीलाचंही तोवर लग्न झालेलं, म्हणून तिचाही हक्क नाही. बावीस वर्षं ज्या माणसाचं तोंड नीट बघितलं नव्हतं, त्याची पेन्शन भागीरथीच्या खात्यावर येऊ लागली, आणि बावीस वर्षं ज्या बाईनं त्याच्या भाकऱ्या भाजल्या तिला रेल्वेची खोली महिन्याच्या आत सोडावी लागली.

पुढच्या उन्हाळ्यात सोनाबाई हुबळीला आली. प्रसूतिगृहाच्या फाटकापाशी उभी राहिली. बारा वाजायला आलेले, डोक्यावर पदर, पायात काही नाही.

"अक्का, निम्मं दे. जास्त मागत न्हाई."

"कागदावर माझं नाव हाय," भागीरथी म्हणाली.

सोनाबाई वळली आणि गेली.

हे सांगताना भागीरथीअक्कांच्या हातातली चादर तशीच राहिली. "पाणी सुद्धा विचारलं न्हाई मी तिला. आणि खोटं कशाला सांगू बाई, त्या पैशाचं जेवण मला गोड लागत हुतं. मी बोरमाळ केली. गोकर्णाला जाऊन आलो. वाटायचं, झालं ते बरोबर झालं. लई वर्षं वाटायचं."

सोनाबाई मग अळणावरच्या लाकडाच्या वखारीत साली सोलायला जाऊ लागली, आणि सुगीत लोकांच्या शेतात.

पंधरा वर्षं अशी गेली. भागीरथीला प्रसूतिगृहातून निवृत्त होऊनही बराच काळ लोटला होता. तिथून पेन्शन नव्हती, म्हणजे लक्ष्मणाच्या पैशांवरच तिचं चाललं होतं. जुन्या हुबळीत एक खोली, एक स्टोव्ह. अन् एक दिवस दारात एक अडतीस वर्षांची बाई उभी राहिली. भागीरथीनं तिला बाराव्या दिवसानंतर बघितलंच नव्हतं, तरी ओळखलं. कपाळ लक्ष्मणाचं होतं.

"थोरल्याआई, मी लीला."

सोनाबाईला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली. तीन आठवडे सरकारी दवाखान्यात ठेवून घरी सोडलेलं. लीला आणि तिचा नवरा आनंदा, दोघंही रोजानं कामाला जाणारी. घरात दुसरं कुणी नाही.

"मी पैसं मागायला आलो न्हाई," लीला म्हणाली. "आईची वाचा गेलीया. एकच शबुद येतो तोंडातनं, सारखा. 'अक्का.' शेजारचे म्हणाले, जाऊन सांगून तरी ये."

भागीरथी त्याच दिवशी तिच्याबरोबर गेली. अळणावरजवळच्या त्या दोन खोल्यांच्या घरात सोनाबाई गोधडीवर पडली होती. भागीरथीनं तिला कुशीवर वळवलं आणि पाठ बघितली. कंबरेपाशी दोन जखमा झाल्या होत्या, एक तर खोल. जन्मभर आयाचं काम केलेली बाई ती. तिला कळलं की या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायला कुणीतरी हवं, दिवसा आणि रात्रीही, आणि हे एका आठवड्याचं काम नाही.

"लीला रडाय लागली. म्हणाली, मी काम सोडतो. म्हटलं, काम सोडलंस तर खाशील काय, आणि एकटीनं उचलायला गेलीस तर वर्षात तूबी हिच्याशेजारी पडशील."

हुबळीला परतून भागीरथीनं चार ठिकाणं बघितली, सगळीकडं लोकांच्या टाचा बघत, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हेळसांड टाचांवर लगेच दिसते. पाचवं आमचं नेरळु.

पैशाचा मेळ मात्र बसत नव्हता. पेन्शन हातात यायची दोन हजाराच्या आसपास. भागीरथीअक्का डॉक्टरबाईंसमोर बसल्या आणि कानडीतून बोलल्या, कारण व्यवहाराचं बोलणं त्या कानडीतूनच करत. पेन्शन सगळी इथं जमा करीन. राहिलेल्याच्या बदल्यात काम करीन. सकाळी सात ते दुपारी दोन. दोन्ही वेळचं जेवण मला इथं द्या. खोलीच्या भाड्याचं माझं मी बघतो.

"या वयात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"माणसं धुवायचं काम मला शिकवायला लागणार न्हाई."

डॉक्टरबाई हसल्या आणि मान हलवली. तेव्हापासून भागीरथीअक्का रोज सकाळी जुन्या हुबळीहून निघून, सीबीटीच्या बसस्थानकावर बस बदलून, सातच्या आत उणकलला उतरू लागल्या. धुक्यातून त्यांचं हिरवं लुगडं हळूहळू दिसायला लागे आणि मग त्यांचा चेहरा.

सोनाबाईला मागच्या खोलीत खिडकीजवळची खाट मिळाली. दोन महिन्यांत जखमा भरल्या. चार-पाच महिन्यांनी वाचा परत येऊ लागली, आधी एकेक शब्द, मग तुटकी वाक्यं. पण ती वाक्यं आजची नव्हती. सोनाबाईचं मन कुठंतरी मागं, जंगलातल्या त्या खोलीत जाऊन बसलं होतं. खिडकीतलं धुकं तिला रानातलं धुकं वाटे. तळ्यावर पाणकोंबडा ओरडला की ती डाव्या हाताचं बोट वर करून म्हणे, "ऐक, अक्का." हमरस्त्यावरून मोठा ट्रक गेला की तिचा हात भागीरथीअक्कांचा हात शोधू लागे. भागीरथीअक्का हात देत, आवाज विरेपर्यंत.

"मालक आले न्हाईत अजून," सोनाबाई म्हणे.

"येतील. आज लांब गेल्यात."

"भाकरी झाकून ठेव त्यांची."

"ठेवली."

मी एकदा भागीरथीअक्कांना म्हटलं, "त्यांना खरं का सांगत नाही?" त्या म्हणाल्या, "खरं म्हंजे कुठलं, बाई? ती जिथं हाय तिथं सगळं खरंच घडलेलं हाय."

डॉक्टरबाईंचंही म्हणणं तेच होतं, भांडू नका तिच्याशी. आणि खरं सांगायचं तर दुपारी दोन वाजता काम संपल्यावर, जेवून भागीरथीअक्का त्या खाटेशेजारी स्टुलावर बसायच्या तेव्हा त्यांचेही डोळे मिटलेले असत. ऊन तळ्याच्या पाण्यावरून उसळून छतावर हलत राही. दोघी मधूनमधून एखादं वाक्य बोलत. मी कागद घेऊन दारापाशी आले की मला आत पाऊल टाकायला संकोच वाटे, कुणाच्या तरी स्वप्नात चपला घालून शिरल्यासारखं.

एक गोष्ट मात्र भागीरथीअक्कांना खात होती. त्यांना क्षमा मागायची होती. फाटकावरच्या त्या दुपारची. पण सोनाबाईच्या मनात ती दुपार आलेलीच नव्हती. तिथं अजून लीलाही जन्मली नव्हती. लीला महिन्यातून एकदा भेटायला येई तर सोनाबाई तिला शेजारच्या खोलीतली कुणीतरी समजून "बस की" म्हणे.

दोन हजार सहाचा उन्हाळा. मी चादरींची मोजदाद करायला त्या खोलीत होते. भागीरथीअक्का सोनाबाईच्या आखडलेल्या बोटांना तेल लावून एकेक बोट उघडत होत्या. सोनाबाई म्हणाली, "अक्का, गोष्ट सांग."

भागीरथीअक्कांनी पुढचं बोट हातात घेतलं. मग सुरुवात केली.

"एका गावात दोन बायका हुत्या. एकाच घरात राहायच्या. थोरली आणि धाकटी. लई माया हुती दोघींची. मग एक दिवस थोरली रुसून शहरात निघून गेली. सांगून सुद्धा गेली न्हाई."

"का ग?"

"रुसली. धाकटी तिच्या बाजूनं बोलली न्हाई, म्हणून."

"धाकटी भ्याली असंल," सोनाबाई म्हणाली.

भागीरथीअक्कांचा हात थांबला. मी चादरी मोजायची विसरले.

"व्हय," त्या हळू म्हणाल्या. "ते थोरलीच्या ध्यानातच आलं न्हाई. मग लई वर्षं गेली. घरधनी मेला. त्याचं धन सगळं थोरलीकडं गेलं. धाकटी उन्हातनं चालत तिच्या दारात आली. म्हणाली, अर्धं दे. थोरलीनं दिलं न्हाई. दारातनं परत लावली. पाणी सुद्धा विचारलं न्हाई."

सोनाबाईच्या कपाळाला आठी पडली.

"धन नसंल द्यायचं तर नसंल," ती म्हणाली. "पाणी तरी द्यायचं की त्या बाईनं."

"व्हय. द्यायचं हुतं."

"मग पुढं?"

"पुढं थोरली म्हातारी झाली. तिला कळलं. ती गेली आणि धाकटीला आपल्याकडं घेऊन आली."

"आली धाकटी?"

"आली."

"मग बरं झालं," असं म्हणून सोनाबाईनं डोळे मिटले. झोप लागली तिला. भागीरथीअक्कांनी उरलेली दोन बोटं तेल लावून उघडली, हात चादरीखाली ठेवला, आणि उठून मागच्या नळावर गेल्या. बराच वेळ नळ चालू होता. मी गेले नाही तिकडं.

दुसऱ्या वर्षी डॉक्टरबाईंना फी साडेचार हजार करावी लागली. भागीरथीअक्कांनी बोरमाळ विकली. दाजीबानपेठेतल्या सराफाकडं मीच बरोबर गेले, वजनात फसवू नये म्हणून. पैसे पदरात बांधताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख बिलकूल दिसलं नाही. "हलकं वाटतंय," एवढंच म्हणाल्या.

त्यांची खरी भीती वेगळी होती. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. त्याच सुमाराला त्यांच्या छातीत थोडं दुखू लागलं होतं. भागीरथीअक्का गेल्या की पेन्शन त्याच महिन्यात बंद होणार, आणि सोनाबाईचं तिच्यावर नाव नव्हतं. "मला तिच्या आधी मरायला परवडत न्हाई," असं त्या बजावून सांगत, आणि रक्तदाबाची गोळी घड्याळ बघून घेत. मीठ सोडलं, लोणचं सोडलं. सोमवारचा उपास, लहानपणापासूनचा, तोही सोडला.

शेवटी एक दिवस त्या डॉक्टरबाईंच्या खोलीत गेल्या.

"ऊटा आतेन्री अक्का?" जेवलात का, असं डॉक्टरबाईंनी रोजच्यासारखं विचारलं.

"जेवण ऱ्हाऊ द्या. मी आधी गेलो तर सोनाचं काय करणार?"

"मी बघेन. तिला इथून कुणी हलवणार नाही."

"लिहून द्या."

मला वाटलं, डॉक्टरबाई रागावतील. त्या रागावल्या नाहीत. नेरळुच्या छापील कागदावर त्यांनी चार ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला. भागीरथीअक्कांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. पुढं नव्या वेतन आयोगानं पेन्शन वाढली, फीचा ताण पुष्कळ कमी झाला, पण तो कागद त्यांनी पासबुकात तसाच ठेवला.

दोन हजार दहाच्या माघात, सकाळी आठच्या सुमाराला, सोनाबाई गेली. भागीरथीअक्का तिची वेणी घालत होत्या. सोनाबाई म्हणाली, "गार वाटतंय," आणि त्यांच्या अंगावर रेलली. भागीरथीअक्कांनी वेणी पुरी केली, गाठ मारली, मग आम्हाला हाक मारली.

तिला अळणावरला न्यायचं ठरलं. गाडीत भागीरथीअक्का आणि मी. धारवाड मागं पडलं, रान सुरू झालं. गावात बायका जमल्या होत्या. ही कोण, ती कोण, अशी कुजबुज चालली होती. लीलानं पुढं होऊन भागीरथीअक्कांचा हात धरला आणि त्यांना सोनाबाईच्या उशाशी, सगळ्यांच्या पुढं नेऊन बसवलं. कुजबुज थांबली.

मला वाटलं होतं, आता त्या काम सोडतील. पेन्शन पुरेशी होती, देणं कुणाचं नव्हतं. पण दिवसकार्य झाल्यावर त्या पुन्हा सकाळी सातच्या आत आल्या. आता डॉक्टरबाई त्यांना पगार देऊ लागल्या. आणखी पाच वर्षं त्यांनी काम केलं. नव्या मुलींना कूस कशी बदलायची, पाठ कशी जपायची ते शिकवलं, आणि चुकलं की कानडीतून शिव्या घातल्या.

गुडघे गेल्यावर लीला न्यायला आली. इथंही त्यांनी आधी बोलणं करून घेतलं. तेव्हा मी समोर होते.

"येतो मी. पर मला उचलायचं काम तू करायचं न्हाई. पेन्शनीतनं बाई ठेवायची, रोजची. तू तुझ्या कामाला जायचं."

"लोक काय म्हणतील, थोरल्याआई? पैसं देऊन आईला सांभाळतीया?"

"लोक उचलायला येतात काय? तू सांजचं माझ्यापाशी बस. तेवढं बिनपैशाचं कर."

लीला हसली आणि रडलीही. शेजारची सीता नावाची विधवा बाई त्या कामाला ठेवली.

दोन वर्षांनी, मार्गशीर्षात, मी त्यांना भेटायला गेले. अंगणात बाजेवर भागीरथीअक्का निजल्या होत्या. ऊन कोवळं होतं. सीता भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी सवयीनं चादर वर करून टाचा बघितल्या. स्वच्छ होत्या, तेल लावलेल्या.

चादर हलल्यानं भागीरथीअक्कांनी डोळे किलकिले केले. "कोण आलंय?"

"हुबळीच्या वत्सलाबाई आल्यात," लीला घरातून म्हणाली. बाजाराचा दिवस, म्हणून ती घरी होती.

"बाई, किती खाटा भरल्यात सध्या?"

"बाराच्या बारा."

"खिडकीजवळ कोण हाय?"

"धारवाडच्या एक शिक्षिका आहेत. बोलत नाहीत, पण ऐकतात."

"मुलींना सांगा, त्यांच्याशी बोलत ऱ्हावा म्हणून. उत्तर आलं न्हाई तरी." मग त्यांचे डोळे पुन्हा जड झाले. "लीला, बाईंना जेवाय वाढ. उन्हातनं आल्यात."

"मी सावलीतून आले, अक्का," मी म्हटलं, पण त्यांना झोप लागली होती. लीलानं आधी तांब्याभर पाणी आणून दिलं, मग भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. आम्ही तिघी बाजेशेजारी बसून जेवलो, हळू आवाजात बोलत.